व्याह्यांच्या वाट्याला आलेला कान

सोनकुलचं वरचं कुरण,
गवतकापणीचे दिवस

आदरणीय थोरले बंधू बेशेनअली यांना धाकटी बहीण बातमा हिचा छातीवर हात ठेवून सलाम.

तुमची मेंढरं, घोडे, गाय आणि तिचं ते लाथाडं वासरू सगळी खुशाल असतील अशी आशा करते. जनावरं खुशाल म्हटल्यावर माणसंही खुशाल असणारच, तरी रीत म्हणून विचारते, वहिनींची कंबर कशी आहे? तुमचा खोकला? (अस्वलाची चरबी लावलीत की नुसती बाटली उशाशी ठेवलीत?) इकडे गवत उत्तम आहे, घोड्या भरपूर दूध देताहेत, आणि तुमचे मेहुणे इशेन, म्हणजे आमचे हे, आहेत तसेच आहेत. विचारलं तर बोलतात, नाही विचारलं तर सुखात असतात.

आता तुमचा निरोप. दुधाच्या ट्रकवाल्या कुबाननं तो पोचवला, आणि शेजारच्या सगळ्या तंबूंना नीट ऐकू जाईल अशा बेतानं पोचवला. बातमाला म्हणावं, एक चांगला घोडा आणि मखमली अंगरखा घेऊन व्याह्यांच्या दारात जा, मान खाली घाल आणि माफी माग. दादा, वडील गेल्यापासून तुम्ही मला वडिलांच्या जागी. तुमचा शब्द मी आजवर जमिनीवर पडू दिलेला नाही. हा पहिलाच. मी जाणार नाही. फोन करून हे सांगितलं असतं, पण इथून फोन लागायला घाटमाथ्यावर चढावं लागतं, आणि धापा टाकत चढून लावला तरी "आधी माझं ऐक" म्हणून तुम्हीच बोलत बसता. पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठाच गुण आहे. तेव्हा आता बसा आणि शेवटपर्यंत ऐका.

तुमच्या कानावर आलंय ते असं, की बातमानं मेंढीचं डोकं सख्ख्या व्याह्यांना डावलून एका परक्या बाईला वाढलं, म्हणून व्याही उठून गेले आणि लेक परत पाठवली. यातला पहिला भाग खरा, शेवटचा भाग खरा, मधलं ते "म्हणून" साफ खोटं. डोक्यावरून भांडण झालंच नाही. भांडण कानावरून झालं.

ती परकी बाई म्हणजे मार्केता. चेक देशातली, वयानं माझ्याएवढीच, अंगानं माझ्या दीडपट, तिकडे शहरात बस चालवते. आपल्या देशात पहिल्यांदाच आली, आमच्याकडे मुक्कामाला राहिली, आणि येण्याआधी आपल्या रीतिभातींवरचं कुठलंसं पुस्तक पाठ करून आली होती. दादा, आपल्या रीती न पाळणाऱ्या पाहुण्यांचा मला त्रास नाही, त्यांची सवय झाली आहे. पण सगळ्या पाळणारा पाहुणा पहिल्यांदाच पाहिला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे तिला माहीत होतं, म्हणून ती कवायत केल्यासारखा गुडघा वर उचलायची आणि दर वेळी डोकं चौकटीवर आपटायची. भाकरी पालथी ठेवायची नाही हे माहीत होतं, म्हणून आपल्या घरच्या सुलट्या करून झाल्यावर ती शेजाऱ्यांच्या तंबूंत जाऊन त्यांच्याही तपासून आली. समोर आलेलं नाकारायचं नाही हे तर तिनं असं पाळलं, की प्रत्येक तंबूत वाडगा वाडगा कुमीस प्यायली. (रिकाम्या पोटी घोडीचं आंबवलेलं दूध, तेही आयुष्यात पहिल्यांदा! दुसरा अख्खा दिवस बाई टेकडीच्या पलीकडेच होत्या.)

एवढं पाठ करून काही जागा राहिल्याच. चहा ओतायला मला मदत करायची म्हणून तिनं आमच्या ह्यांचा कप प्रेमानं काठोकाठ भरला. भरला कप म्हणजे निघा आता, हे कदाचित पुस्तकाच्या पुढच्या पानावर असेल. हे बिचारे उठले, टोपी घातली आणि स्वतःच्याच घरातून बाहेर जाऊन घोड्यांजवळ बसले. आणि एकदा शेजारी जेवायला आले होते, गरमागरम मांस नुकतंच समोर आलं होतं, तर वाफेनं घामाघूम झालेल्या मार्केतानं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. झालं! मानाच्या पाहुणीनं तोंडावरून हात फिरवला म्हणजे आशीर्वाद झाला, जेवण संपलं. सगळ्यांनी पटापट आपापल्या तोंडावरून हात फिरवले आणि उपाशीपोटी उठले. म्हातारा साबिर दारातून वळून वळून परातीकडे बघत गेला. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत बोलावलं.

तरीही तिला हसू नका. त्याच आठवड्यात गारांचं वादळ आलं, तंबूवरचा लोकरीचा नमदा फाटला आणि सगळा सांगाडा उचलला जाऊ लागला. आमचे हे मेंढरांमागे गेलेले. मी एकटी मधल्या दोराला लोंबकळले होते आणि दोर मला घेऊन वर चालला होता. मार्केता आली, एका शब्दानं न विचारता दोर कमरेला गुंडाळला आणि मटकन खाली बसली. वादळ थांबेपर्यंत बसून राहिली. गारा लागून तिच्या खांद्यांवर निळे वळ उठले. दादा, माझं घर तिनं धरून ठेवलं. अशा पाहुणीसाठी मेंढरू कापायचं नाही तर कुणासाठी? मेंढरू दारात आणलं, तिनं तळवे उघडून तिच्या भाषेत आशीर्वाद दिला, आणि मगच हे सुरी घेऊन बसले. ज्याचा आशीर्वाद, त्यालाच मेंढराचं डोकं. हे मला तुम्हीच शिकवलंय.

मांस कढईत शिजत असताना व्याही आले. जुमाकादिर, अगदी तेच, ताठ मान, पांढरीशुभ्र टोपी, आणि मागच्या घोड्यावर आपली कानिशाय. मला लेक दिसली त्या आनंदात बाकीचं काही दिसलं नाही, हे मान्य. तुम्ही म्हणाल, दुसरं मेंढरू कापायचं होतं. कळप डोंगरापलीकडे होता, आणि व्याही स्वतःच म्हणाले, "विहीणबाई, काही करू नका, चहा घेतो आणि निघतो." (म्हणजे जेवल्याशिवाय हलत नाही, हे मलाही कळतं.) मी त्यांना दाराच्या बरोब्बर समोर, मानाच्या जागी, मार्केताच्या शेजारी बसवलं. ह्यांनी डोक्याची थाळी हातात घेतली आणि दोघांमध्ये असे उभे राहिले, जसे दोन रस्त्यांच्या फाट्यावर पत्ता विसरलेले. मीच डोळ्यांनी मार्केताकडे खूण केली. व्याह्यांनी ते पाहिलं. आणि हसून म्हणाले, "दूरची पाहुणी आहे, तिचाच मान." अस्से म्हणाले! लिहून घ्या.

पण त्याआधी, चहा घेताना, ते आणखी एक बोलले होते. म्हणाले, कानिशाय यंदा नारीनला जाणार नाही. जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण पुरे झालं, सून घरात हवी. दादा, लग्नाच्या बोलणीत शिक्षण पुरं करू देण्याचा शब्द त्यांनीच दिला होता, तुमच्यासमोर. आता तो मोडत होते, आणि मोडण्याची जागाही हुशारीनं निवडली होती. जेवण झाल्यावर थोर म्हणून तेच हात उघडणार, सगळे तोंडावरून हात फिरवणार, आणि जेवणाच्या दस्तरखानावर बोललेलं पक्कं होणार. मग कोण काय बोलणार? मी कानिशायकडे पाहिलं. त्यांच्या घरी सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, ती नुसती चहा ओतत होती, अर्धा अर्धा कप, एकही थेंब न सांडता. ते मला बघवेना.

तर मार्केतानं सुरी घेतली. डोक्यातले तुकडे कापून वाटायचे असतात एवढं तिला माहीत होतं. कुणाला काय, ते पान बहुधा वाचायचं राहिलं होतं. तिनं कान कापला, दोन्ही हातांत धरला, आणि मोठ्या आदरानं वाकून व्याह्यांच्या पुढ्यात ठेवला.

कान, दादा! जो आपण शेंबड्या पोरांना देतो, थोरांचं ऐकायला शिका म्हणून, तो पांढऱ्या दाढीच्या जुमाकादिरांना! आमचे हे छताकडे बघायला लागले. व्याह्यांनी कानाकडे पाहिलं, कानानं व्याह्यांकडे पाहिलं, आणि मला हसू आलं. पदराआडचं नाही, पोटातलं. खूप दाबलं, म्हणून नाकातून आलं आणि जास्तच वाईट ऐकू आलं.

"तिला विचार," व्याही कानिशायला म्हणाले, "मला कान का दिला?"

कानिशायनं विचारलं. (शाळेतलं इंग्रजी तिला येतं.) मार्केतानं काहीतरी सांगितलं, हसून, स्वतःच्या कानाला हात लावून. कानिशायचा चेहरा उतरला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही, आई."

तेवढ्यात मार्केतानं जीभ कापली होती, आणि आल्यापासून मुकी बसलेली ही पोरगी पाहून तिला ती दिली. सुनेला जीभ! असलं धाडस आपल्याकडे कुणी करत नाही. कानिशायनं ती शांतपणे खाल्ली, हात पुसले, आणि सासऱ्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "बाबा, मी सप्टेंबरात नारीनला जाणार आहे. तुम्ही शब्द दिला होता."

व्याही उठले. हात उघडले नाहीत, आशीर्वाद नाही, काही नाही. भरल्या दस्तरखानावरून तसेच उठले आणि दारात म्हणाले, "तुमच्या घरात पाहुणे शिकवतात आणि लेकी बोलतात. मग ठेवून घ्या लेक." आणि तिचा घोडाही बरोबर घेऊन गेले.

मार्केताला कळलं तेव्हा ती रडायलाच लागली. व्याह्यांच्या मागे पायी निघाली होती. मी तिला बसवलं आणि अर्धा कप, अर्धा कप करत दुपारभर उठू दिलं नाही. जाताना तिनं मला अशी मिठी मारली की बरगड्या अजून दुखतात.

मग सुरू झाली वर्दळ. परत आलेली लेक बघायला बायका चहाच्या निमित्तानं येऊ लागल्या, ज्यांना वर्षभर आमचा चहा आठवला नव्हता त्यासुद्धा. तुम्हाला वाटत असेल मी कानिशायला आत लपवलं. मी तिला मानाच्या जागी बसवलं! "ही माझी लेक," म्हणून सांगितलं, "नारीनला शिकते. तुमच्या गाईला काही झालं तर आत्ताच विचारून घ्या, पुढच्या वर्षी फी लागेल." बायका गेल्या. पण रात्र म्हणू नका, भरदुपारीसुद्धा मी तिच्या सासरच्या वाटेकडे बघत होते, हे तुमच्यापासून लपवत नाही. लेकीचा संसार आहे, दादा. तो काही माझ्या तोंडाळपणावर चालत नाही.

आणि मग जावई आला. एर्मेक. म्हणे, एक घोडा चुकलाय, इकडे आलाय का बघायला आलो. ज्या घोड्यावर बसून हे सांगत होता तो सोडून त्यांच्याकडचा कुठलाच घोडा इकडे येण्यासारखा नव्हता. मी काही विचारलं नाही, कणकेचे पातेलंभर बोरसोक तळून पुढ्यात ठेवले. तो खात राहिला, कानिशाय तंबूला नमद्याचं ठिगळ लावत राहिली, आणि संध्याकाळी पाहते तर ठिगळाचं दुसरं टोक हा धरून बसलेला. दुसऱ्या दिवशीही घोडा सापडला नाही. तिसऱ्या दिवशी तर त्यानं शोधायचं ढोंगही सोडलं आणि ह्यांच्याबरोबर मेंढरांमागे गेला.

अर्थात, ऐन गवतकापणीत पोरगा नाही म्हटल्यावर व्याह्यांना यावंच लागलं. आले ते थेट तंबूच्या दारापर्यंत घोड्यावरून. (हे तरी तुम्हाला कुणी सांगितलं का? दारापर्यंत घोड्यावरून, भांडायला येतात तसे! पण मी काही ते गावभर करत बसले नाही.)

"मी जेवायला आलेलो नाही," वरूनच म्हणाले.

"कुणी वाढलंय?" मी म्हटलं.

"पोराला न्यायला आलोय."

"पोरगा मेंढरांमागे आहे. भाकरीला तोंड लावा तरी."

दारात आलेल्यानं भाकरीचा तुकडा तोंडात न घालता जाता येत नाही, मग तो वैरी का असेना. मी ताटलीत भाकरी आणून वर धरली. त्यांना वाकावं लागलं. तुकडा तोंडात गेला आणि त्याच क्षणी कानिशाय बाहेर येऊन समोर वाकली, सुना वाकतात तशी, हात गुडघ्यावर ठेवून. सून वाकली की आशीर्वाद द्यावाच लागतो, घास गिळायलाही थांबता येत नाही. "शतायुषी हो," व्याही भाकरीतून म्हणाले. ती पुन्हा वाकली. पुन्हा म्हणाले. ती तिसऱ्यांदा वाकली.

"पुरे गं बये!" असं म्हणून ते घोड्यावरून उतरले.

आत आले, पण मानाच्या जागी बसेनात. दाराशीच टेकले. मी म्हटलं, "डोक्याचं अजून मनात असेल तर कळप आता इथेच आहे, सांगा कुठलं कापू."

"डोक्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "कानाचंही नाही. त्या बाईला काय ठाऊक. पण तुम्ही हसलात, विहीणबाई. मी तुमच्याकडेच बघत होतो."

दादा, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "हसले. आलं हसू."

"ती बाई काय म्हणाली, ते हिनं तुम्हाला सांगितलं का?"

मी कानिशायकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही.

"ती म्हणाली, यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून यांना कान," व्याही म्हणाले. "मला तेवढं इंग्रजी येत नाही. पण तिनं कानाला हात लावला ना, तेव्हाच कळलं. दोन हिवाळे झाले, डावा कान गेलाय. उजवाही निघालाय. बाजारात घोड्याची किंमत कुणी काय बोलला ते मला समजत नाही, मी नुसती मान हलवतो आणि पोरगा माझा हट्ट समजून निस्तरतो. घरात कुणाला माहीत नाही. फक्त हिला माहीत आहे." त्यांनी कानिशायकडे बोट केलं. "माझ्याशी कुणी बोललं की ही माझ्याकडे बघते. खाली बघितलं म्हणजे नाही, चहा उचलला म्हणजे हो. वर्षभर मी हिच्या डोळ्यांवर चाललोय. ही नारीनला गेली तर..." त्या परक्या बाईला एका जेवणात जे कळलं ते आपल्याच लोकांना कळलं नाही, हे त्यांना लागलं होतं. आणि त्यावर मी नाकातून हसले होते.

कानिशाय म्हणाली (आता तिला जीभ द्यावी लागली नाही), "बाबा, नारीनला कानाचे डॉक्टर आहेत. यंत्र बसवतात. माझ्याबरोबर चला. नसेल जमत तर मी एर्मेकला खुणा शिकवते." व्याही म्हणाले, "तो बैल आहे, त्याला काय जमणार." पण हे त्यांनी रागानं म्हटलं नाही.

मी माफी मागितली नाही, दादा. हे नीट समजून घ्या. मी उठले, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, आणि मोठ्या आवाजात, एक एक शब्द सुटा करून विचारलं, "चहा घेणार का, व्याही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ओरडू नका, एवढा बहिरा नाही." मी अर्धा कप ओतला. ते प्यायले. असे किती अर्धे झाले ते मोजले नाहीत, पण एर्मेक आणि हे मेंढरं घेऊन परत आले तरी आम्ही तिथेच बसलेलो होतो. निघताना त्यांनी हात उघडले आणि सांगितलं, पोरीचं शिक्षण पुरं होवो. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. पक्कं झालं.

तेव्हा घोडा नाही, अंगरखा नाही, मान खाली घालणं नाही. तुम्ही थोरले आहात, तुमचा राग मी डोक्यावर घेते, पण तुमचा निरोप परत पाठवते आहे. वहिनींना आणि जनावरांना सलाम.

तुमचं न ऐकणारी बहीण,
बातमा

ता. क. खरं तर पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कामासाठी. कानिशायला आणि व्याह्यांना घेऊन मी नारीनला जाणार आहे. घोड्यांचं दूध दिवसभर सारखं काढावं लागतं, आणि आमचे हे शिंगरू धरतात, दूध काढायला गेले की घोडी त्यांना धरते. तेव्हा तुम्ही आठवडाभर इथे येऊन दूध काढा. बायकांचं काम आहे, मला माहीत आहे. लहानपणी आई आजारी असताना तुम्ही ते लपूनछपून छान करत होता, हेही माहीत आहे. इथे लपण्यासारखं झाडही नाही.

ता. क. व्याह्यांच्या कानाचं कुणाला सांगू नका, अशी त्यांनी शपथ घातली आहे. म्हणून फक्त तुम्हालाच लिहिलं. आणि कुबान, तू वाचतोस हे सगळ्यांना माहीत आहे. पाकीट नीट चिकटव आणि तोंडही.

ता. क. आणखी एक. व्याही त्यांच्या गावात सांगत सुटलेत, की विहीणबाई रडत आल्या, पायाशी बसल्या आणि माफी म्हणून भावाचा करडा घोडा देऊन गेल्या. माणसं विचारायला लागली, माझ्याकडे खात्री करायला आली. मी म्हटलं, हो, दिला. त्यामुळे तुमचा करडा घोडा सध्या त्यांच्या तबेल्यात आहे, असं सगळे समजतात. येताना गाडीनं या, आणि त्यांच्या गावातून जाताना कुणी हळहळून विचारलं, तर तुम्हीही जरा उदास दिसा.